ॲसिडचे वण : उपचार की सौंदर्योपचार?

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या एका निकालाची चर्चा प्रामुख्याने डिजिटल व्यवहारांच्या अंगाने झाली. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या एका महिलेला बँकेत खाते उघडायचे होते. समोरची व्यक्ती जिवंत आहे याची खातरजमा करण्यासाठी बँकेच्या पडताळणी-प्रक्रियेत तिला कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करण्यास सांगण्यात आले. ॲसिडने डोळे आणि पापण्या उद्ध्वस्त केलेल्या त्या महिलेला नेमके तेवढेच शक्य नव्हते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि पडताळणीची पद्धत सर्वसमावेशक करण्यासाठी वीस निर्देश दिले.

निकाल योग्यच होता. मात्र त्याच्या पोटात दडलेला दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ॲसिडने भाजलेल्या माणसाची पापणी मिटत नाही, ती का? अनेकदा त्याचे कारण हल्ल्याच्या दिवशी झालेली इजा एवढेच नसते. जखम भरून आल्यानंतरच्या महिन्यांत तिथली त्वचा जाड होते, ताठरते आणि आखडत जाते. पापणी बाहेरच्या बाजूला ओढली जाते, ओठांचा कोपरा खेचला जातो, हनुवटी मानेशी जखडते. म्हणजे बँकेच्या खिडकीपाशी जी अडचण उभी राहिली, तिच्या मुळाशी एक वण होता. त्या वणावर आपल्या आरोग्यव्यवस्थेने काय केले, हा आरोग्यधोरणाचा प्रश्न आहे आणि तो अद्याप अनुत्तरित आहे.

गेल्या दोन दशकांत भाजल्याच्या वणांवरील उपचारांत लेसरने महत्त्वाचे स्थान मिळवले आहे. तो चमत्कार नाही, पण योग्य हातांत, योग्य वेळी आणि पुरेशा वेळा वापरला तर ताठर वण मऊ करणे, खाज व वेदना कमी करणे, सांध्यांची हालचाल काही प्रमाणात परत मिळवून देणे त्याला साधते. भारतात मात्र ‘लेसर’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर येतात ती अनावश्यक केस काढण्याची आणि कांती उजळवण्याची दालने. सरकारी योजनांच्या आणि विम्याच्या भाषेतही या यंत्राची हीच ओळख दृढ झाली आहे. त्यामुळे ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत ते क्वचितच पोहोचते.

जखम भरते, वण उरतो

रासायनिक दाहाचे स्वरूप आगीच्या दाहापेक्षा वेगळे असते. आग विझली की जाळणे थांबते. रसायन त्वचेवर असेपर्यंत आपले काम करीत राहते. तीव्र आम्ल त्वचेतील प्रथिने गोठवते आणि मृत पेशींचा एक कठीण थर तयार करते. कॉस्टिक सोड्यासारखी आम्लारीधर्मी रसायने ऊती विरघळवत खोल शिरतात, म्हणून ती अनेकदा अधिक घातक ठरतात. दोन्ही प्रसंगी पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपचार एकच : रसायन लागलेले कपडे काढून वाहत्या स्वच्छ पाण्याने ती जागा दीर्घकाळ धूत राहणे. कोरडी भुकटी असेल तर आधी ती झटकून टाकणे. आम्लावर आम्लारी किंवा आम्लारीवर आम्ल ओतून ‘उतारा’ देण्याचा प्रयत्न घातक, कारण त्या अभिक्रियेतून आणखी उष्णता निर्माण होते. पहिल्या काही मिनिटांतील हे पाणी पुढच्या अनेक शस्त्रक्रिया वाचवू शकते. जगातला कोणताही लेसर या पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

त्यानंतरचा टप्पा रुग्णालयाचा. मृत ऊती काढणे, जंतुसंसर्ग रोखणे, आवश्यक तिथे त्वचारोपण करणे. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जखम बंद होते, रुग्णाला घरी पाठवले जाते आणि कागदोपत्री प्रकरण संपते. शरीराच्या दृष्टीने मात्र इथून दुसरा अध्याय सुरू होतो. खोल जखम भरताना शरीर गरजेपेक्षा जास्त कोलॅजन तयार करते. त्याचे तंतू निरोगी त्वचेतल्यासारखे सैल विणलेले नसतात. ते दाट आणि एकाच दिशेने ताणलेले असतात. जखमेच्या कडा जवळ ओढणाऱ्या पेशी आपले काम थांबवायला तयार नसतात. वण लालसर, उंच आणि कडक होत जातो. रात्रीची झोप मोडणारी खाज सुटते. लहान मुलांत तर अडचण दुहेरी : शरीर वाढते, पण वण त्याच्याबरोबर वाढत नाही.

या काळात दाब देणारी घट्ट वस्त्रे, सिलिकॉनचे जेल किंवा पट्ट्या, नियमित व्यायाम आणि मालिश, वणात दिली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शने आणि शेवटी आखडलेला भाग मोकळा करणारी शस्त्रक्रिया, हा जुना व आजही आवश्यक असलेला क्रम आहे. लेसर यातील कशालाही बाद करीत नाही. तो या साखळीत एक नवा दुवा जोडतो.

बारामतीहून निघालेला किरण

या दुव्याच्या इतिहासात महाराष्ट्राचे एक नाव आहे आणि ते सांगण्याजोगे आहे. १९३८ साली बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार पटेल पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेले. १९६४ साली त्यांनी तिथे कार्बन डायऑक्साइड लेसर विकसित केला. त्याच्या अवरक्त किरणांची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते आणि पाणी ते किरण तत्काळ शोषून घेते. मानवी ऊतींत पाण्याचेच प्रमाण मोठे असल्याने हा किरण त्वचेचा अतिशय पातळ थर क्षणार्धात वाफ करून उडवू शकतो. शल्यचिकित्सेत त्याचा प्रवेश झाला तो या गुणामुळे.

तरीही वणांवर त्याचा वापर सुरुवातीला धोक्याचा होता. त्वचेचा सबंध थर काढून टाकला की नवी जखम आणि नवा वण होण्याची भीती असे. ही कोंडी २००४ साली फुटली. हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करणारे डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांच्या गटाने ‘अंशात्मक’ लेसरची कल्पना मांडली. संपूर्ण पृष्ठभागावर किरण टाकण्याऐवजी केसाच्या जाडीच्या आसपासचे असंख्य सूक्ष्म बिंदू निवडायचे आणि त्यांच्यामधली त्वचा अस्पर्श ठेवायची. पुढे हेच तत्त्व कार्बन डायऑक्साइड लेसरला लावले गेले. किरण वणात काही मिलिमीटरपर्यंत खोल, उभी छिद्रे पाडतो. भोवतालची शाबूत त्वचा ती छिद्रे काही दिवसांत भरून काढते. या भरण्याच्या प्रक्रियेत दाट कोलॅजनची नव्याने जुळणी होते आणि वणातला ताण सैल होतो. कठीण झालेली जमीन संपूर्ण न उकरता ठिकठिकाणी पहारीने भोके पाडून मोकळी करावी, तसा हा प्रकार. त्याच छिद्रांवाटे स्टिरॉइडसारखे औषध वणाच्या आत खोलवर पोहोचवता येते, हा आणखी एक फायदा.

दुसरा लेसर आहे तो स्पंदित रंजक लेसर. त्याचा ५८५ ते ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते. वण नवा, लाल आणि खाजरा असताना त्यातील अतिरिक्त रक्तवाहिन्या आटवण्यासाठी तो उपयोगी पडतो. पूर्वी वण ‘पिकण्याची’ वर्षभर वाट पाहण्याची प्रथा होती. आता जखम पूर्ण बंद झाल्यावर काही महिन्यांतच उपचार सुरू करण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे. सांधा किंवा पापणी आखडू लागली असेल तर थांबण्यात नुकसानच असते. एक ते तीन महिन्यांच्या अंतराने अनेक सत्रे लागतात. एकदा करून संपणारा हा उपचार नव्हे, ही बाब पुढील चर्चेसाठी ध्यानात ठेवावी.

मर्यादांचे भान

उत्साहाच्या भरात काही गोष्टी नजरेआड होऊ नयेत. ‘लेसरने भाजलेली जखम लवकर भरते’ असे सरसकट विधान करता येत नाही. मंद शक्तीच्या लाल किंवा अवरक्त प्रकाशाने जखम भरण्यास चालना मिळते, ही कल्पना हंगेरीतील एंद्रे मेस्टर यांच्या १९६० च्या दशकातील प्रयोगांपासून चालत आली आहे. तथापि ताज्या रासायनिक दाहावर तिचा पुरावा मुख्यत्वे प्राण्यांवरील आणि लहान अभ्यासांपुरता मर्यादित आहे. ज्याच्यामागे अधिक भक्कम अनुभव उभा आहे, तो उपयोग वण सुधारण्याचा. त्वचेला पूर्ववत रूप नाही तरी हालचालीची मोकळीक लवकर मिळावी, हे त्याचे खरे वचन.

तिथेही पुराव्याची प्रत तपासली पाहिजे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील गटाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे दीडशे जळीतग्रस्तांचे वण उपचारापूर्वी आणि नंतर मोजले गेले व त्यांत लक्षणीय सुधारणा आढळली. त्याच वर्षी ‘जामा डर्मेटॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या तज्ज्ञांच्या मतैक्य-अहवालाने अशा वणांसाठी लेसर हे आश्वासक, पण फारच कमी वापरले जाणारे साधन असल्याचे नमूद केले. मात्र ‘आधी आणि नंतर’ अशा तुलनेत एक उणीव राहते : वण काळाबरोबर काही अंशी आपोआपही निवळतो. किती श्रेय लेसरचे आणि किती काळाचे, हे ठरवण्यासाठी उपचार न मिळालेल्या वणांशी तुलना करणारे मोठे अभ्यास हवेत.

भारतासाठी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. या क्षेत्रातील बरेचसे संशोधन गोऱ्या त्वचेवर झाले. त्वचेच्या रंगावरून केल्या जाणाऱ्या सहा प्रकारांच्या वर्गीकरणात बहुसंख्य भारतीय चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात मोडतात. अशा त्वचेत कोणत्याही दाहानंतर काळे डाग पडण्याची प्रवृत्ती अधिक असते. स्पंदित रंजक लेसरचा प्रकाश त्वचेतील मेलॅनिनही शोषून घेत असल्याने चुकीच्या मात्रेने नवा भाजलेला डाग उमटू शकतो. कार्बन डायऑक्साइड लेसरचे लक्ष्य पाणी असल्याने तो या बाबतीत तुलनेने सुरक्षित. तरीही छिद्रांची घनता कमी ठेवणे, सत्रांमध्ये पुरेसे अंतर राखणे आणि उन्हापासून कटाक्षाने बचाव करणे अपरिहार्य ठरते. म्हणूनच हा उपचार जळीतविषयक अनुभव असलेल्या प्लास्टिक सर्जन वा त्वचारोगतज्ज्ञाच्या हातीच असायला हवा. सार्वजनिक रुग्णालयांत तो मिळत नसेल, तर हतबल रुग्ण आधी-नंतरच्या छायाचित्रांच्या जाहिराती करणाऱ्या दालनांकडे वळतील, आणि तिथे झालेल्या अपायाची जबाबदारी कोणावर, हे ठरणे कठीण होईल.

कायद्याच्या लेखी एक घटना

ॲसिडहल्ल्यांबाबत भारतीय कायद्याने गेल्या काही वर्षांत मोठी मजल मारली, हे मान्य केलेच पाहिजे. विधी आयोगाने आपल्या २२६ व्या अहवालात स्वतंत्र गुन्ह्याची शिफारस केली. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने ती प्रत्यक्षात आली. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ नुसार अशा गुन्ह्याला किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. ‘लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले आणि किमान ३ लाख रुपयांची भरपाई निश्चित केली. त्यांपैकी १ लाख रुपये घटना निदर्शनास आल्यापासून १५ दिवसांत द्यायचे. १० एप्रिल २०१५ च्या आदेशाने खासगी रुग्णालयांनीही औषधे, खाट, आहार आणि पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियांसह पूर्ण मोफत उपचार द्यावेत, असे स्पष्ट केले. प्रथम उपचार करणाऱ्या रुग्णालयाने पीडिताला प्रमाणपत्र द्यावे, म्हणजे पुढील उपचारांसाठी ते वापरता येईल, असेही सांगितले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ॲसिडहल्ल्यातील पीडितांना दिव्यांगांच्या सूचीत स्थान दिले.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या भरपाई योजनेत चेहरा विद्रूप झालेल्या महिलेसाठी ७ ते ८ लाख रुपयांची तरतूद आहे. कागदावर ही मालिका प्रभावी दिसते. परंतु तिच्या रचनेत एक समान धागा आहे. भरपाई, प्रमाणपत्र, प्रथमोपचार, शिक्षा या सर्वांचा केंद्रबिंदू घडलेली घटना हा आहे. न्यायालयाने पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियांचा समावेश करून दृष्टी थोडी पुढे नेली, तरी बाह्यरुग्ण विभागात दोन-तीन वर्षे चालणाऱ्या वणोपचाराचे स्थान त्यात सुस्पष्ट नाही. लेसरचे एखादे सत्र म्हणजे ‘शस्त्रक्रिया’ की ‘सौंदर्योपचार’, याचा निर्णय प्रत्येक रुग्णालयाच्या लेखाविभागावर सोडलेला आहे.

याच कलम १२४ मध्ये एक लक्षणीय तरतूद आहे. दोषीला होणारा दंड पीडिताच्या वैद्यकीय खर्चाची पूर्तता करण्याइतपत न्याय्य व वाजवी असावा आणि तो पीडितालाच मिळावा, असे कायदा सांगतो. याचा अर्थ उपचारांचा खर्च दीर्घ असतो, याची जाणीव कायदेकर्त्यांना होती. अडचण कालक्रमाची आहे. दंड येतो तो दोषसिद्धीनंतर, आणि खटल्यांना वर्षानुवर्षे लागतात. वण मात्र पहिल्या वर्षातच घट्ट होत जातो. न्यायालयीन घड्याळ आणि शरीराचे घड्याळ यांची गती जुळत नाही, आणि मधला काळ पीडिताच्या कुटुंबाच्या खिशावर निघतो. एकरकमी मिळालेली भरपाई पहिल्या काही शस्त्रक्रिया, प्रवास आणि बुडालेल्या मजुरीतच संपते.

दोन नियमांमधली फट

आता विम्याच्या बाजूने पाहू. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ती देते. भाजलेल्या रुग्णांवरील उपचार आणि भाजल्यानंतर आखडलेले अवयव मोकळे करण्याच्या शस्त्रक्रिया तिच्यात समाविष्ट आहेत. परंतु योजनेची घडण मुळात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील उपचार आणि सौंदर्यविषयक उपचार तिच्या कक्षेबाहेर राहतात. लेसरचे सत्र बहुधा मलमाने त्वचा बधिर करून तासाभरात पूर्ण होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. उपचार जितका सोपा आणि कमी खर्चाचा, तितका तो योजनेबाहेर जाण्याची शक्यता अधिक, असा हा विरोधाभास आहे. आखडलेली मान कापून मोकळी करण्याची मोठी शस्त्रक्रिया मान्य. ती मान तितकी आखडूच नये म्हणून वर्षभर केलेले छोटे उपचार संदिग्ध.

खासगी आरोग्यविम्यात चित्र किंचित बरे आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली वगळण्याच्या अटींचे प्रमाणीकरण केले. त्यानुसार रूप बदलण्यासाठीचे उपचार विम्यातून वगळता येतात. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्याला अपवाद आहे. म्हणजे भाजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरील उपचार हा शृंगार नव्हे, हे तत्त्व नियामकाने शब्दांत मान्य केले आहे. व्यवहारात मात्र वैद्यकीय गरजेचे प्रमाणपत्र, दिवसभराच्या उपचाराची व्याख्या आणि अंशात्मक लेसरला सर्वमान्य नाव वा संकेतांक नसणे, या तीन पायऱ्यांवर दावे अडखळू शकतात.

संकेतांकाचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण आधुनिक आरोग्यव्यवस्थेत ज्या उपचाराला नाव नाही, त्याला पैसाही नाही. अमेरिकेतील अनुभव यासाठी पाहण्यासारखा आहे. इराक आणि अफगाणिस्तानातून होरपळून परतलेल्या सैनिकांवर लष्करी रुग्णालयांत अंशात्मक लेसरचा वापर वाढला. खासगी विमा कंपन्या मात्र त्याला सौंदर्योपचार समजत राहिल्या. १ जानेवारी २०१८ पासून तिथल्या वैद्यकीय संकेतांकांच्या सूचीत भाजल्याच्या व आघाताच्या वणांवरील अंशात्मक लेसरसाठी स्वतंत्र संकेतांक आले. ते उदयोन्मुख तंत्रांसाठीच्या तात्पुरत्या गटात होते आणि त्यामुळे पैसे मिळण्याची हमी नव्हती. तरी त्यांच्या वर्णनातच ‘कार्यक्षमता सुधारण्यासाठी’ असे शब्द होते. चर्चा रूपाकडून कार्याकडे वळवण्याचे काम त्या दोन शब्दांनी केले.

हल्ल्याबाहेरचे जळीतग्रस्त

ॲसिडचा उल्लेख होताच हल्ल्यांची आठवण होते, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेश सातत्याने वरच्या क्रमांकावर असल्याने धोरणाचा रोखही तिकडेच राहतो. परंतु रासायनिक दाहाने पोळणाऱ्यांत असे असंख्य लोक आहेत, ज्यांची बातमी होत नाही. मुरादाबादच्या पितळी भांड्यांच्या कारखान्यांत धातू उजळण्यासाठी आम्ल वापरले जाते. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधून धातू काढण्यासाठी उघड्या टोपल्यांत, बादल्यांत ॲसिड ओतले जाते. बॅटऱ्या दुरुस्त करणारे, कापडरंगणीतील कामगार, शौचालये साफ करणारे सफाई कामगार आणि ओल्या सिमेंटमध्ये तासन्‌तास उभे राहणारे बांधकाम मजूर यांच्या हातापायांवर आम्लाच्या किंवा आम्लारीच्या खुणा असतात.

दिव्यांग कायद्यातील ‘ॲसिडहल्ला पीडित’ या व्याख्येत हिंसक हल्ल्याचा समावेश आवश्यक आहे. कारखान्यात टाकी फुटून चेहरा भाजलेला कामगार त्या व्याख्येत बसत नाही. त्याला अन्य प्रकारच्या दिव्यांगत्वाचे प्रमाण सिद्ध करावे लागते. संघटित क्षेत्रातील कामगाराला राज्य कामगार विमा योजनेचा आधार असतो. कामगार भरपाई कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने कामावरील इजेच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च परत देण्याची तरतूद आली. पण मालक कोण हेच सिद्ध करता येत नाही, अशा असंघटित मजुराला या दोन्हींचा उपयोग नाही. त्वचा मात्र हल्ला आणि अपघात यांत भेद करीत नाही. ज्या हाताची बोटे वणाने आखडली, त्या हाताला पुन्हा हत्यार धरता येणे, हा प्रश्न दोघांसाठी सारखाच रोजीरोटीचा आहे.

सरकारच्याच कार्यक्रमांतील अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ७० लाख लोक भाजतात, १ लाख ४० हजार मृत्यू पावतात आणि २ लाख ४० हजार लोकांना कायमचे व्यंग येते. यात आगीने भाजलेल्यांचे प्रमाण अर्थातच मोठे आहे. मात्र वण आखडण्याची प्रक्रिया आगीच्या आणि रसायनाच्या दाहात एकच असल्याने वणोपचाराची सोय केल्यास तिचा लाभ या सर्वांना होईल. केवळ ॲसिडहल्ल्यातील मोजक्या पीडितांसाठी महागडे यंत्र कशाला, या आक्षेपाचे उत्तर या आकड्यांत आहे.

करण्याजोगे काय?

पहिली गोष्ट पैशाची नाही, वर्गीकरणाची आहे. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने जळीतविषयक उपचारसूचीत ‘भाजल्याच्या वणांवरील कार्यात्मक लेसर उपचार’ अशी स्पष्ट नोंद करावी, तो दिवसभराचा उपचार मानावा आणि ठरावीक सत्रांची मालिका एकाच मंजुरीत द्यावी. दर सत्रासाठी नव्याने परवानगी मागावी लागली तर वेळापत्रक मोडेल आणि त्याबरोबर उपचारही. गैरवापराची भीती रास्त आहे. म्हणूनच सांध्याची हालचाल, पापणी मिटण्याची क्षमता, खाज व वेदना यांचे उपचारापूर्वी आणि नंतर मोजमाप बंधनकारक करता येईल. ज्याला कांती उजळवायची आहे, तो या चाळणीतून आपोआप गळून पडेल.

दुसरी गोष्ट केंद्रांची. प्रत्येक जिल्ह्यात असे यंत्र असावे, ही मागणी ना व्यवहार्य ना आवश्यक. दिल्लीचे सफदरजंग, चेन्नईचे किलपॉक यांसारख्या जळीत उपचारांचा दीर्घ अनुभव असलेल्या रुग्णालयांना आधारकेंद्र करून प्रत्येक मोठ्या राज्यात दोन-तीन वैद्यकीय महाविद्यालयांत ही सेवा सुरू करता येईल. अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत लेसर यंत्रे आधीच असतात. प्लास्टिक सर्जरी आणि भौतिकोपचार विभागांशी त्यांचा समन्वय घडवला तर नवी खरेदीही मर्यादित राहील. यंत्राच्या किमतीइतकीच त्याच्या देखभालीची आणि ते चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणाची तरतूद हवी. सरकारी रुग्णालयांत आच्छादनाखाली धूळ खात पडलेल्या उपकरणांचा अनुभव नवा नाही.

तिसरी गोष्ट प्रवासाची. वर्षभरात पाच-सहा वेळा मोठ्या शहरात जायचे, सोबत एक माणूस न्यायचा, दोघांची मजुरी बुडवायची आणि परतल्यावर आठवडाभर उन्हात काम करायचे नाही, हा खर्च गरीब कुटुंबासाठी उपचाराइतकाच जड असतो. भरपाईच्या रकमेतून तो भागवावा, असे म्हणणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेणे. क्षयरुग्णांना पोषणासाठी थेट खात्यात मदत देणारी व्यवस्था आपण उभारली आहे; त्याच धर्तीवर सत्रागणिक प्रवासभत्ता देणे अशक्य नाही.

चौथी गोष्ट नोंदींची. भारतीय त्वचेवर कोणती मात्रा सुरक्षित, रासायनिक दाहाच्या वणांत आणि आगीच्या वणांत फरक पडतो का, उपचार किती लवकर सुरू केल्यास पुढची शस्त्रक्रिया टळते, या प्रश्नांची उत्तरे परदेशी नियतकालिकांत सापडणार नाहीत. जळीतग्रस्तांची संख्या दुर्दैवाने आपल्याकडेच अधिक आहे. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या प्रत्येक उपचाराची नोंद एका सामायिक नोंदवहीत, ओळख गुप्त राखून, झाली तर काही वर्षांतच योजनेचे मूल्यमापन करण्याइतका भक्कम पुरावा हाती येईल. तो अनुकूल असेल तर विस्तार करावा. नसेल तर ते पैसे दाबवस्त्रांवर आणि भौतिकोपचारांवर वळवावेत. लेसरचा आग्रह हा यंत्राचा आग्रह नसून, वणावर वेळेत आणि सातत्याने उपचार व्हावेत याचा आग्रह आहे.

आणि या सर्वांच्या आधी ॲसिडच्या खुल्या विक्रीला प्रत्यक्षात आळा घालणे आणि कारखान्यांत, शाळांत ‘आधी पाणी’ हा साधा धडा पोहोचवणे. विक्रीची नोंदवही ठेवण्याचा न्यायालयाचा आदेश एक तपाहून जुना झाला. शौचालय साफ करण्याच्या नावाखाली मिळणारी ॲसिडची बाटली मात्र अनेक गावांत आजही नाव-पत्ता न विचारता हाती पडते.

२०१५ च्या आदेशाने पीडिताला एक प्रमाणपत्र दिले. त्या कागदाचा अर्थ आज बहुधा ‘या व्यक्तीवर हल्ला झाला’ एवढाच घेतला जातो. ‘या व्यक्तीचे उपचार अजून संपलेले नाहीत’ असा त्याचा अर्थ लावायला केंद्र आणि राज्य सरकारांना कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. योजनेच्या सूचीत एक ओळ आणि अंदाजपत्रकात एक तरतूद पुरेशी आहे. बँकांनी पापणी न मिटणाऱ्या ग्राहकासाठी आपली पद्धत बदलावी, हे न्यायालयाने सांगितले. ती पापणी शक्य तिथे पुन्हा मिटावी यासाठीचे काम आरोग्य मंत्रालयाकडे आहे, आणि त्यासाठी आणखी एका याचिकेची वाट पाहण्याचे कारण नाही.